झरी जामणीसाठी कायदा बदलणारी सही

धागा : पाचवी अनुसूची, राज्यपाल आणि अमेरिकेच्या अध्यक्षालाही नसलेला एक अधिकार

जगातील सर्वांत बलाढ्य कार्यकारी पद कोणते, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठांवर अमेरिकेच्या अध्यक्षाचेच नाव येईल. सैन्य, अण्वस्त्रे, परराष्ट्रधोरण आणि कॅमेऱ्यांसमोर सही करून उंचावून दाखवलेले कार्यकारी आदेश, असे त्या पदाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण एक गोष्ट त्या अध्यक्षाला करता येत नाही. काँग्रेसने संमत केलेला कायदा अमुक एका भागात लागू होणार नाही, किंवा त्यातील एखादे कलम तेथे बदलून लागू होईल, असे त्याला केवळ स्वतःच्या सहीने ठरवता येत नाही.

महाराष्ट्राच्या राज्यपालांना ते करता येते. साऱ्या राज्यापुरते नव्हे, तर अनुसूचित क्षेत्रापुरते. म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागात, पैनगंगेच्या अलीकडे वसलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्यांतील अनुसूचित गावांपुरते. मुकुटबनच्या बाजारात किंवा एखाद्या कोलाम पोडावर हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवील की नाही, शंकाच आहे. राज्यघटनेत मात्र ते स्पष्ट लिहिलेले आहे.

आधी अमेरिकेची बाजू. तेथील घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने कार्यकारी सत्ता एकट्या अध्यक्षाकडे सोपवली. कायदे करण्याची सत्ता पहिल्या अनुच्छेदाने काँग्रेसकडे ठेवली. या दोहोंमधील सीमारेषेवर गेली दोन शतके झटापट चालू आहे. एप्रिल १९५२ मध्ये, कोरियाचे युद्ध चालू असताना, पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला. तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनी एका आदेशाने देशातील पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द केला. अशी सत्ता काँग्रेसने दिलेली नाही आणि अध्यक्षाने कायदा करायचा नसतो, हा त्या निकालाचा गाभा होता.

त्याहून बोलके प्रकरण १९९८ चे आहे. खर्चाच्या विधेयकातील निवडक तरतुदी रद्द करण्याचा अधिकार खुद्द काँग्रेसनेच १९९६ मध्ये कायदा करून अध्यक्षाला दिला होता. क्लिंटन यांनी तो वापरला. न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला, पुन्हा सहा विरुद्ध तीन मतांनी. संमत झालेल्या कायद्याचा मजकूर एका माणसाने बदलायचा नाही. काँग्रेसने स्वखुशीने परवानगी दिली असली तरीही नाही.

आता आपल्या घटनेची पाचवी अनुसूची उघडू. तिच्या परिच्छेद ५ च्या पहिल्या भागानुसार राज्यपाल जाहीर अधिसूचनेद्वारे असा निर्देश देऊ शकतात की संसदेचा किंवा राज्य विधिमंडळाचा अमुक कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, अथवा ठरावीक अपवाद आणि फेरफार करून लागू होईल. असा निर्देश पूर्वलक्षी प्रभावानेही देता येतो. विधेयक, वाचन, मतदान, दुसरे सभागृह, यांपैकी कशाचीही गरज नाही. राजपत्रात छापून येणारी अधिसूचना पुरेशी आहे.

दुसरा भाग याहून पुढे जातो. अनुसूचित क्षेत्रात शांतता आणि सुशासन राहावे म्हणून राज्यपाल विनियम करू शकतात. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतर रोखणे, जमीनवाटपाचे नियमन करणे, सावकारीवर बंधने घालणे, हे विषय तेथे नावानिशी दिले आहेत. विनियमाने संसदेचा कायदादेखील रद्द करता किंवा सुधारता येतो. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत : जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय आणि राष्ट्रपतींची अनुमती. साध्या अधिसूचनेसाठी या दोन्ही अटी लिहिलेल्या नाहीत. ही तफावत लक्षात ठेवावी. पुढे कामास येईल.

असा विलक्षण अधिकार लोकशाही घटनेत आला कोठून? उत्तर इंग्रजी राजवटीत आहे. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अॅक्टने काही प्रदेश सामान्य कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवले; तेथे कोणता कायदा चालेल हे सरकारी अधिसूचना ठरवी. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने त्यांनाच 'वगळलेली' आणि 'अंशतः वगळलेली' क्षेत्रे असे नाव दिले. गव्हर्नराने अधिसूचना काढल्याशिवाय कायदेमंडळाचा कोणताही कायदा तेथे लागू होत नसे. तेव्हा नियम असा होता की कायदा मुळात लागू नाही आणि गव्हर्नर म्हणेल तर लागू. १९५० नंतर तो उलटा झाला : कायदा मुळात लागू आहे आणि राज्यपाल म्हणतील तर नाही. यंत्र तेच राहिले, कळ मात्र उलट्या बाजूला फिरवली गेली.

झरी जामणीच्या मातीत अधिसूचनेच्या राज्याची आणखी एक, वेगळी परंपरा आहे. हा मुलूख वऱ्हाडचा. १८५३ च्या तहाने, हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी सोपवले. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला, तरी कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड 'ब्रिटिश हिंदुस्थान' झाले नाही. परिणामी ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलची अधिसूचना निघे आणि हवे ते फेरफार करून कायदा वऱ्हाडाला 'लावला' जाई. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाने, 'वून' जिल्हा म्हणून ओळखला जात असे. त्या काळातील तेथील शेतकऱ्याचा सारा, त्याची दिवाणी अदालत, त्याच्या जंगलाचे नियम, सारे काही अशाच वाटेने आलेले होते.

या व्यवस्थेची एक गंमत विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावी. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातले मतदार मध्यप्रांताच्या कौन्सिलसाठी प्रतिनिधी निवडत. पण वऱ्हाड परकी मुलूख असल्याने त्या निवडून आलेल्यांना पुन्हा सरकारने 'नामनिर्देशित' करावे लागे, तेव्हा कुठे ते सभासद होत. सोन्याची कुऱ्हाड म्हणवणाऱ्या वऱ्हाडाचे लोकप्रतिनिधित्वसुद्धा एका सहीवर टांगलेले होते.

वऱ्हाडात अंशतः वगळलेले क्षेत्र ठरला तो मेळघाट. केळापूर आणि वणीकडील गोंड, कोलाम, परधान वस्त्या त्या यादीत नव्हत्या. १९५० मध्ये पहिली अनुसूचित क्षेत्रे जाहीर झाली, तीही मुख्यतः या जुन्या वसाहतकालीन नकाशावरूनच. म्हणजे एखाद्या पोडाला घटनेचे संरक्षण मिळावे की नाही, हे स्वतंत्र भारतातही इंग्रज अधिकाऱ्यांच्या रेषेनेच ठरले.

त्याआधी संविधान सभेत काय घडले ते पाहणे आवश्यक आहे. आसाम वगळता इतर प्रांतांतील अशा क्षेत्रांसाठी ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली होती. ५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी पाचव्या अनुसूचीचा बदललेला मसुदा सभेपुढे ठेवला. पूर्वीच्या मसुद्यात जनजाती सल्लागार परिषदेच्या सल्ल्याला बरेच अधिक वजन होते. नव्या मसुद्यात ते घटले आणि निर्णयाची सूत्रे राज्यपालांकडे गेली. जयपाल सिंग मुंडा यांना परिषदेची ही घसरण रुचली नाही. त्यांचा आक्षेप आजही ताजा वाटतो. अधिकार आदिवासींच्या नावाने असावा आणि आदिवासींच्या परिषदेने त्यात फक्त मत द्यावे, ही मांडणी मुळातच लंगडी होती. महाराष्ट्रात तर या परिषदेचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. राज्यपालांना सल्ला देणारी परिषद आणि राज्यपालांना सल्ला देणारे मंत्रिमंडळ, दोहोंच्या शिरोभागी एकच व्यक्ती.

नकाशा बदलायला आणखी पाव शतक गेले. घटनेच्या मूळ मजकुरानुसार राष्ट्रपतींना अस्तित्वात असलेले अनुसूचित क्षेत्र वाढवता येत नव्हते. १९७६ मध्ये पाचव्या अनुसूचीत दुरुस्ती झाली आणि राज्यपालांशी विचारविनिमय करून क्षेत्र वाढवण्याची मुभा मिळाली. आदिवासी उपयोजना नुकतीच सुरू झाली होती. आदिवासीबहुल गावे आणि अनुसूचित गावे यांची सांगड घालायची होती. अखेर २ डिसेंबर १९८५ रोजी राष्ट्रपतींचा महाराष्ट्रासाठीचा आदेश निघाला आणि त्यात यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव, केळापूर, राळेगाव व घाटंजी तालुक्यांतील गावे आली. झरी जामणी हे तालुक्याचे नाव त्या आदेशात शोधले तर सापडत नाही, कारण तो तालुका नंतर निर्माण झाला. गावे यादीत जुन्या तालुक्याखाली आहेत. नवखा अभ्यासक येथे हमखास अडखळतो.

आता पैनगंगा ओलांडू. पलीकडे आदिलाबाद. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले, त्यानंतर निजामाच्या सरकारने हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंड-कोलामांचा अभ्यास करायला पाठवले, तो हा प्रदेश. नदीच्या दोन्ही काठांना तीच माणसे, तेच पोड, तीच कोलामी आणि गोंडी बोली. पण जमिनीच्या प्रश्नावर दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या, आणि कार्यकारी सत्तेचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

आंध्र प्रदेशात राज्यपालांनी परिच्छेद ५ खालील विनियमाचा मार्ग घेतला. १९५९ चा जमीन हस्तांतर विनियम १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला आणि १९७० मध्ये त्याला धार आली. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीकडे जाणे बंद झाले. एवढेच काय, एका बिगर-आदिवासीने दुसऱ्या बिगर-आदिवासीला ती विकणेही बंद झाले. बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन ही मुळात आदिवासीकडूनच आलेली आहे, असे गृहीत धरले गेले. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर आली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विनियम वैध ठरवला.

अलीकडच्या काठावर महाराष्ट्राने विधिमंडळाची वाट धरली. १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले : आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्यामागे शासनाची मंजुरी हवी. सोबत जमीन परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत मिळाव्यात, हा त्याचा हेतू. डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

दोन्ही वाटांचा स्वभाव वेगळा आहे. विनियम क्षेत्राला धरून चालतो. रेषेच्या आत आलेली प्रत्येक जमीन त्याच्या कक्षेत येते. महाराष्ट्राचा कायदा व्यक्तीला धरून चालतो. त्यामुळे तो अनुसूचित क्षेत्राबाहेरील आदिवासीलाही संरक्षण देतो, पण मंजुरीचे दार उघडे ठेवतो. एका सहीचा कायदा अधिक कठोर ठरला आणि सभागृहात चर्चा होऊन आलेला अधिक सवलतीचा, हे लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारे आहे. त्यामागचे कारण उघड आहे : विधिमंडळात जमीन घेणाऱ्यांचेही प्रतिनिधी बसतात.

महाराष्ट्राच्या राजभवनाने हा अधिकार दीर्घकाळ फारसा वापरला नाही. खरी हालचाल दिसते ती २०१३ च्या अखेरीस, जेव्हा राज्यपाल के. शंकरनारायणन यांच्या काळात राजभवनात स्वतंत्र आदिवासी कक्ष स्थापन झाला. ४ मार्च २०१४ रोजी राज्याचे पेसा नियम आले. मूळ पेसा कायदा १९९६ चा, हे येथे नमूद केलेले बरे. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची तरतूद केली. गावातील शाळेचा गुरुजी मुलांची बोली जाणणारा असावा, या साध्या अपेक्षेला तिने बळ दिले.

सर्वांत सूक्ष्म बदल २०२० चे आहेत. संसदेच्या वनहक्क कायद्यानुसार दाव्यावर जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम. ती समिती नाही म्हणाली की दार बंद. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी १८ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याच्या अनुसूचित क्षेत्रापुरते ते कलम बदलले आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करण्याची सोय केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एका अधिसूचनेने वनालगतच्या कुटुंबांना घरासाठी जागा मिळण्याची वाट मोकळी झाली. संसदेचा कायदा एक, पण झरी जामणीच्या अनुसूचित गावात तो दिल्लीत छापला त्याहून वेगळा वाचावा लागतो.

एवढे वाचून कोणी या अधिकाराच्या प्रेमात पडेल. घाई करू नये. २०१६ मध्ये याच अधिकाराने कलम ३६-अ मध्ये ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अट घातली गेली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये याच अधिकाराने रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या अशा प्रकल्पांसाठी तीत सूट दिली गेली. अट घालणारी आणि ती सैल करणारी लेखणी एकच. मधल्या काळात ना विधानसभेत मतदान झाले, ना परिषदेचा सल्ला बंधनकारक होता. वर सांगितलेली ती तफावत येथे महत्त्वाची ठरते.

अमेरिकेच्या इतिहासात याची सख्खी बहीण भेटते. १८७१ मध्ये काँग्रेसने मूलनिवासी जमातींशी तह करणे थांबवले; त्यानंतर अनेक राखीव प्रदेश अध्यक्षांच्या कार्यकारी आदेशाने निर्माण झाले. डिसेंबर १८७२ मध्ये अॅरिझोनात चिरिकाहुआ अपाचींना त्यांचा नेता कोचीस याच्याशी झालेल्या समझोत्यानुसार असाच प्रदेश मिळाला. १८७४ मध्ये कोचीस मरण पावला. १८७६ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने तो प्रदेश रद्द झाला आणि लोकांना सॅन कार्लोसच्या रखरखीत भूमीकडे हाकलले गेले. कायद्याने दिलेले काढून घ्यायला कायदा लागतो. आदेशाने दिलेले काढून घ्यायला दुसरा आदेश पुरतो. १९१९ मध्ये काँग्रेसने अशा रीतीने राखीव प्रदेश निर्माण करण्याचा अध्यक्षांचा अधिकारच संपवला.

आपल्याकडे मर्यादा न्यायालयाने घातली. आंध्रच्या राज्यपालांनी जानेवारी २००० मध्ये अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची सर्व पदे आदिवासींसाठी राखीव केली होती. २२ एप्रिल २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती तरतूद रद्द केली : परिच्छेद ५ चा अधिकार मूलभूत हक्कांच्या अधीन आहे आणि शंभर टक्के आरक्षण त्यांत बसत नाही. या निकालाची सावली महाराष्ट्राच्या २०१४ च्या अधिसूचनेवरही पडली आणि पेसा क्षेत्रातील भरती वादात अडकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली, तेव्हा त्यामागच्या मागण्यांत ही रखडलेली भरतीही होती.

मग हा अधिकार नेमका कोणाचा, राज्यपालांचा की मंत्रिमंडळाचा? सहाव्या अनुसूचीत काही ठिकाणी राज्यपालांनी 'स्वविवेकाने' निर्णय घ्यावा असे स्पष्ट लिहिले आहे. पाचवीत तो शब्द नाही. १९७४ च्या शमशेर सिंग प्रकरणापासून सर्वसाधारण नियम असा की राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. तसे मानले तर आदिवासींना राज्य सरकारपासूनही वाचवू पाहणारी ही ढाल त्याच सरकारच्या हातात राहते. तसे न मानले तर न निवडलेल्या एका व्यक्तीच्या हाती निवडून आलेल्या दोन सभागृहांचे कायदे बदलण्याची सत्ता जाते. अमेरिकेत हा पेच निराळा आहे. तेथील अध्यक्ष निदान निवडणुकीला सामोरा जातो. कोणता अर्थ स्वीकारला तर अधिक नुकसान, यावर घटनातज्ज्ञांचे एकमत नाही. पहिल्या अर्थात मात्र पाचवी अनुसूची लिहिण्याचे प्रयोजनच पातळ होते, हे मान्य करावे लागते.

आणि न वापरलेल्या अधिकाराचे काय? अनुसूचीचा परिच्छेद ३ सांगतो की राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्राच्या प्रशासनाबद्दल दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल द्यावा. २०१४ च्या खाखा समितीसह अनेकांनी नोंदवले आहे की देशभरात हा अधिकार क्वचितच वापरला गेला. ट्रूमनने अधिकार ओलांडला तेव्हा पोलाद कंपन्या न्यायालयात गेल्या. राज्यपालांनी अधिकार वापरलाच नाही, तर न्यायालयात जाण्यासाठी कोलाम पोडाला हाती धरायला कोणता आदेश आहे? जे लिहिलेच गेले नाही त्याला आव्हान देता येत नाही.

आज झरी जामणीतील एखाद्या पोडाचा वनहक्काचा दावा यवतमाळला फेटाळला गेला तर त्याची फाइल अमरावतीला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जाऊ शकते. संसदेच्या कायद्यात ही पायरी नाही. ती १८ मे २०२० च्या राजपत्रात आहे, आणि पुढच्या एखाद्या राजपत्राने ती काढून घेईपर्यंत तेथेच राहील.